सजावट, समाधी आणि शील : कथाचित्रकाराच्या कार्यपद्धतीचा एक नैतिक विचार

१

मराठी नियतकालिकांच्या आणि ग्रंथांच्या श्रेयनामावलीत एक शब्द दीर्घकाळ वापरला जात आहे : सजावट. लेखन अमुक यांचे, सजावट तमुक यांची. या शब्दात एक संपूर्ण कलाविचार दडलेला आहे आणि तो तपासून न पाहताच आपण स्वीकारला आहे. ज्या वस्तूची सजावट करायची ती आधीच सिद्ध असते. सजावटीने ती अधिक देखणी होते. पण सजावट काढून घेतली तरी वस्तूच्या अस्तित्वाला बाध येत नाही. कथेसाठी काढलेल्या चित्राला सजावट म्हटले की चित्रकाराचे काम उपरे ठरते आणि उपऱ्या कामाला नैतिक प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. फार तर ते सुबक झाले की नाही एवढेच पाहिले जाते.

अलंकार आणि अलंकार्य यांच्या संबंधाचा विचार आपल्या साहित्यशास्त्राला नवा नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या दुसऱ्या उद्द्योतात अलंकाराच्या ग्राह्यतेचा एक निकष दिला आहे : जो अलंकार ‘अपृथग्यत्ननिर्वर्त्य’ आहे, म्हणजे रसात गढलेल्या कवीच्या हातून वेगळा प्रयत्न न करावा लागता सिद्ध होतो, तोच ध्वनिकाव्यात अलंकार म्हणून मान्य होतो. यमकासारख्या अलंकारासाठी कवीला रसापासून दूर होऊन शब्द हुडकावे लागतात. म्हणून शृंगारात, विशेषतः विप्रलंभात, यमकाचा सोस त्याने त्याज्य मानला आहे. हा निकष कथाचित्राला लावला तर अडचण लगेच जाणवते. कथाचित्रकार हा लेखकापेक्षा वेगळा माणूस आहे. त्याचे माध्यम वेगळे, त्याची वेळ वेगळी, त्याचा मोबदला वेगळा. त्याचा यत्न पृथक् असणारच. मग त्याचे चित्र संहितेच्या दृष्टीने यमकासारखे बाहेरून चिकटवलेलेच राहणार, असे मानायचे काय? की पृथक् हाताने केलेला यत्नही एका विशिष्ट अर्थाने अपृथक् होऊ शकतो?

प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पूर्ण झालेल्या चित्रात शोधण्याची आपल्या समीक्षेची रीत आहे. ते चित्रकाराच्या कार्यपद्धतीत, त्याच्या कामाच्या सवयींत शोधावे लागते आणि तेथे ते सौंदर्यशास्त्रीय न राहता नैतिक होते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

प्रथम ‘मुक्त’ या विशेषणाचा विचार करावा लागेल. कोणत्याही संस्थेचा पगारी नोकर नसलेल्या चित्रकाराला आपण मुक्त व्यावसायिक म्हणतो. ‘फ्रीलान्स’ या इंग्रजी शब्दाचा आढळ वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ (१८१९) या कादंबरीत होतो. तेथे तो भाडोत्री भालाइतांना उद्देशून आलेला आहे. हे भालाईत कोणा एका सरदाराशी बांधलेले नसतात, एवढ्यापुरतेच ते मुक्त. लढाई मात्र दुसऱ्याचीच असते. आपल्याकडे याला जवळचा शब्द शिलेदार हा आहे. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीवर येई. शिलेदाराचा मान अधिक होता हे खरे. पण घोड्याच्या दाण्यावैरणीची चिंताही त्याचीच होती. मुक्त कथाचित्रकाराची स्थिती शिलेदाराची आहे. नोकरदार चित्रकाराला कामाची वेळ, जागा, साधने आणि महिनाअखेरचे वेतन संस्था पुरवते. मुक्त चित्रकाराला यांतील प्रत्येक गोष्ट स्वतः उभी करावी लागते. त्यातच त्याला आणखी एक गोष्ट उभी करावी लागते, जिचा हिशेब कोणी मांडत नाही. ती म्हणजे संहितेकडे लक्ष देण्यासाठी लागणारा अवकाश.

कान्टने ‘क्रिटीक ऑफ जजमेन्ट’मध्ये (१७९०) मुक्त कला आणि मोबदल्यासाठी केलेली कारागिरी यांत भेद केला. पहिली क्रीडेसारखी स्वतःच सुखद. दुसरी कष्टप्रद आणि केवळ फळामुळे आकर्षक. कॉलिंगवुडने ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’मध्ये (१९३८) हा भेद वेगळ्या पायावर उभा केला : कारागिराला काय घडवायचे आहे ते आधी ठाऊक असते, कलावंताला ते घडवतानाच कळते. कथाचित्रकार या दोन्ही भेदांच्या सीमारेषेवर उभा आहे. चित्र किती स्तंभ रुंदीचे, रंगीत की काळेपांढरे, कोणत्या तारखेपर्यंत आणि किती रुपयांना हे त्याला आधीच सांगितलेले असते. पण चित्रात काय असेल हे त्याला सांगितलेले नसते. निदान सांगितलेले नसावे. चौकट कारागिराची आणि चौकटीच्या आतला शोध कलावंताचा, अशी ही संमिश्र स्थिती आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव मानले. कथाचित्रकार यांपैकी एकाच ध्रुवापाशी राहू शकत नाही. पूर्ण लौकिक झाला तर तो केवळ मागणी पुरवणारा होतो. पूर्ण अलौकिक झाला तर ज्या कथेसाठी चित्र काढायचे तिचे त्याला काही देणे उरत नाही.

या देण्याचे स्वरूप काय? ते कोणाचे आणि कशाने फिटते?

३

कथाचित्र सिद्ध होण्याची प्रक्रिया वरवर पाहता सोपी वाटते. संहिता येते, चित्रकार ती वाचतो, एक प्रसंग निवडतो, कच्चे आराखडे करतो, त्यांतील एक पक्का करतो. पण या प्रत्येक पायरीवर एक निर्णय असतो आणि प्रत्येक निर्णय टाळण्याची एक सोयीची वाट असते.

वाचनापासून सुरुवात करू. दिवाळी अंकांच्या व्यवस्थेत चित्रांचे काम पावसाळ्याच्या उत्तरार्धात एकदम येऊन पडते. एकाच महिन्यात अनेक अंकांच्या कथा हाती येतात. कधी पूर्ण संहितेऐवजी चार ओळींचा सारांश येतो : नायिका माहेर सोडून निघाली आहे, दाराशी वडील उभे आहेत, असे काढा. सारांशावरून चित्र काढता येते आणि ते वाईट दिसेलच असे नाही. पण अशा चित्रात कथा नसते, कथेचा विषय असतो. कथेत वडिलांच्या हातात चष्म्याची मोडकी काडी असेल आणि सगळा प्रसंग त्या काडीभोवती फिरत असेल, तर ते सारांशातून कळणार नाही. म्हणून संहिता पूर्ण वाचणे ही कथाचित्रकाराची पहिली सवय. ती कोणी पाहत नाही, तिच्यासाठी वेगळे मानधन मिळत नाही आणि ती टाळली तरी बहुतेक वेळा पकडली जात नाही. नीतीचा प्रश्न खऱ्या अर्थाने अशाच ठिकाणी उत्पन्न होतो.

त्यानंतर प्रसंगाची निवड. चित्राला एकच क्षण मिळतो आणि म्हणून तो क्षण परमोच्च बिंदूचा नसावा, हे लेसिंगने ‘लाओकून’मध्ये (१७६६) सांगितले. शिखरावरचा क्षण दाखवला की पाहणाऱ्याच्या कल्पनेला पुढे जायला जागा उरत नाही. कथाचित्रकाराला तर आणखी एक अडचण असते. वाचक पान उलटताना आधी चित्र पाहतो, मग कथा वाचतो. खुनाचा प्रसंग चित्रात आला तर कथेने दहा पाने राखलेले रहस्य पहिल्याच दृष्टिक्षेपात फुटते. म्हणजे क्षणाची निवड हा केवळ रचनेचा प्रश्न नाही. लेखकाने ठरवलेल्या क्रमाशी प्रामाणिक राहण्याचा तो प्रश्न आहे. योग्य निवडीत किती सामर्थ्य असते याचे उदाहरण सत्यजित राय यांचे. १९४० च्या दशकात, जाहिरातसंस्थेत नोकरी करीत असताना, त्यांनी सिग्नेट प्रेससाठी ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे काढली. ती काढतानाच या कादंबरीवर चित्रपट करावा ही कल्पना त्यांच्या मनात रुजली. १९५५ सालच्या चित्रपटाचे एक मूळ अशा रीतीने एका कथाचित्रकाराच्या वाचनात आहे.

तिसरी पायरी कच्च्या आराखड्यांची. अंगठ्याएवढ्या चौकटी आखून त्यांत चार रेषांनी रचना मांडून पाहणे, ती खोडणे, पुन्हा मांडणे. येथे अनुभवी चित्रकार सहसा एक गोष्ट करतो : पहिली सुचलेली कल्पना तो बाजूला ठेवतो. पहिली कल्पना वाईट असते असे नव्हे. पण ती बहुधा कथेतून आलेली नसून हाताला असलेल्या सरावातून आलेली असते. विरह म्हटले की खिडकी, दारिद्र्य म्हटले की फाटका पदर, वार्धक्य म्हटले की काठी. ही दृश्य भाषेतील यमके आहेत. आनंदवर्धनाने यमकाला जी हरकत घेतली तीच येथे घेता येते : ती रसातून आलेली नसतात, साठ्यातून काढलेली असतात.

साधनांच्या मर्यादांचाही येथे विचार केला पाहिजे. लाइन ब्लॉकच्या काळात जस्ताच्या ठशावर शुद्ध काळे आणि शुद्ध पांढरे एवढेच उमटत असे. करडी छटा हवी तर ती रेषांच्या जाळीने किंवा ठिपक्यांनी साधावी लागे. मूळ चित्र मोठे काढून लहान केले जाई, त्यामुळे बारीक रेषा छपाईत भरून येण्याचा धोका असे. ऑफसेटने हे बंधन सैल केले आणि संगणकाने ते जवळजवळ नाहीसे केले. पण बंधनाबरोबर एक गोष्ट गेली. कागदावर काम करणाऱ्याच्या टेबलाखाली टाकून दिलेल्या आराखड्यांचा ढीग साठे. तो ढीग म्हणजे काय नाकारले याची नोंद होती. पडद्यावर पुसलेली रेषा सहसा मागे काही ठेवत नाही. काय निवडले ते दिसते. काय नाकारले ते चित्रकारालाही पुन्हा दिसत नाही. आत्मपरीक्षणाचे एक साधन यामुळे दुबळे झाले आहे, एवढे तरी म्हणता येईल.

४

वाचन, निवड आणि नकार या तिन्ही क्रियांच्या मुळाशी असलेल्या वृत्तीला आपल्या परंपरेत एक नेमका शब्द आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त राजा अग्निमित्र मालविकेला प्रथम चित्रात पाहतो. चित्रातील लावण्य प्रत्यक्षात नसेल अशी त्याला शंका असते. दुसऱ्या अंकात तिला समोर पाहिल्यावर शंका उलट दिशेने फिरते आणि जिने चित्राला हरवले तिच्या चित्रकाराला तो ‘शिथिलसमाधी’ म्हणतो. येथे लक्षात घेण्यासारखे हे की राजा चित्रकाराच्या हाताला दोष देत नाही. रेषा चुकली, प्रमाण बिघडले, रंग विटले असे तो म्हणत नाही. तो म्हणतो, समाधी शिथिल झाली. कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीकेत यशोधराने चित्राची रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग ही सहा अंगे सांगितली आहेत; समाधी त्यांत नाही. ती अंग नाही, अंगांना एकत्र धरून ठेवणारी पकड आहे. ती सैल झाली की सहाही अंगे जागच्या जागी असून चित्र निसटते.

आनंदवर्धनाच्या निकषामुळे निर्माण झालेल्या अडचणीचे उत्तर या शब्दात सापडते. हात पृथक् असला तरी समाधीचा विषय एकच असू शकतो. लेखक ज्या गोष्टीकडे पाहत होता तिच्याकडेच, लेखकाच्या शब्दांतून, पण स्वतःच्या डोळ्यांनी चित्रकार पाहत असेल, तर त्याचा यत्न हाताच्या दृष्टीने पृथक् आणि लक्षाच्या दृष्टीने अपृथक् असतो. तो लेखकाचे शब्द चित्रात उतरवत नाही. ज्याने लेखकाला लिहायला लावले त्याच्यासमोर तो स्वतः जाऊन बसतो. या अर्थाने कथाचित्र हे सजावट नसून वाचन आहे आणि कथाचित्रकार हा छापील रूपात आपले वाचन नोंदवणारा पहिला वाचक आहे.

पण कालिदासाचा हा प्रसंग येथेच सोडून देणे बरोबर होणार नाही. पहिल्या अंकातील तपशील पाहिला तर राजाच्या निवाड्याविषयी संशय उत्पन्न होतो. चित्र मालविकेचे नव्हते. ते राणी धारिणीचे, तिच्या परिवारासह काढलेले चित्र होते आणि मालविका त्या परिवारातील एक होती. रंग अजून ओले होते. चित्रकाराला सांगितलेले काम राणीचे होते. राजाची दृष्टी मात्र कडेला उभ्या असलेल्या मुलीवर गेली आणि पुढे त्याने त्या मुलीच्या मापाने चित्रकाराला मोजले. काम देणाऱ्याने काय मागितले होते, किती वेळ दिला होता, हे राजा विचारत नाही. समाधी शिथिल झाली हे खरे असेल. पण ती कोणी शिथिल केली?

या प्रश्नाला आजही धार आहे. एका चित्राला मिळणारे मानधन त्या चित्रामागच्या वाचनाला पुरत नसेल, संपादक संहिता छापखान्याच्या मुदतीआधी जेमतेम दोन दिवस पाठवत असेल, मूळ चित्र परत करण्याची पद्धत नसेल, तर चित्रकाराकडून समाधीची अपेक्षा करणे हे अग्निमित्राच्या निवाड्यासारखेच एकांगी आहे. समाधी ही गूढ गोष्ट मानली की तिची आर्थिक बाजू झाकली जाते. लक्ष द्यायला वेळ लागतो आणि वेळेला किंमत असते. म्हणून शिथिल समाधीच्या दोषात संपादक, प्रकाशक आणि फुकट सजावटीला सोकावलेले आपण वाचक यांचाही वाटा आहे.

तरीही कालिदासाच्या या तपशिलातून चित्रकारासाठी निघणारा बोध वेगळाच आहे. लक्ष कडेपर्यंत पोचले होते की नाही, हा तो प्रश्न आहे. कथाचित्रात नायिकेला डौल मिळतो. दारामागची मोलकरीण, फाटकाबाहेरचा हमाल, कोपऱ्यातली विधवा आत्या हे ठरावीक ठशांतून उतरतात. खेड्यात रोजंदारीवर जाणारी स्त्री आणि शहरातील सुखवस्तू नायिका यांचे डोळे आणि जिवणी चित्रात एकच दिसू लागली, तर तो शैलीचा विजय नव्हे; कोणाकडे पाहायचे आणि कोणाकडे नाही याविषयी घेतलेला तो निर्णय आहे. साठोत्तर काळात ग्रामीण आणि दलित साहित्याने मराठी कथेत जी माणसे आणली त्यांचे चेहरे जुन्या साच्यांत बसणारे नव्हते. साचा वापरणाऱ्याने कदाचित वेळ वाचवला असेल. पण त्याने लेखकाने पुढे आणलेल्या माणसाला पुन्हा एकदा कडेला लोटले.

५

आता वाचकाच्या बाजूने विचार करू. कथाचित्राविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप वाचकाच्या स्वातंत्र्याच्या नावाने घेतला गेला आहे. फ्लोबेरने हयातीत आपल्या कादंबऱ्यांत चित्रे घालू देण्यास विरोध केला. १८६२ मधील एका पत्रात त्याने दिलेल्या कारणाचा आशय असा : चित्रातील स्त्री एकाच स्त्रीसारखी दिसते, तर शब्दातील स्त्री अनेक स्त्रियांची आठवण जागवते. हा युक्तिवाद फेटाळता येण्यासारखा नाही. दीनानाथ दलालांनी (१९१६–१९७१) ‘राजा शिवछत्रपती’साठी काढलेली चित्रे पाहत वाढलेल्या वाचकाला तो काळ त्या चित्रांवाचून डोळ्यांपुढे आणणे अवघड जाते. हे चित्रकाराचे सामर्थ्य आहे आणि हीच त्याची जोखीम. एकदा पाहिलेला चेहरा वाचकाला मनातून पुसता येत नाही. लेखकाचे वाक्य पुन्हा वाचून वेगळे समजून घेता येते. चित्राने दिलेला चेहरा मात्र पुनर्वाचनातही पुढे येऊन उभा राहतो.

या आक्षेपाला उत्तर देण्याचा मार्ग काफ्काच्या एका पत्रात दिसतो. १९१५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘रूपांतर’ या कथेच्या पुस्तकासाठी ओटोमार श्टार्के चित्र काढणार असल्याचे कळताच काफ्काने प्रकाशकाला कळकळीने कळवले की तो कीटक चित्रात येता कामा नये, दुरूनसुद्धा नाही. त्याऐवजी घरातली माणसे आणि अंधाऱ्या खोलीकडे उघडणारे दार दाखवता येईल असे त्याने सुचवले. प्रत्यक्ष मुखपृष्ठावर चेहरा हातांनी झाकून घेतलेला एक माणूस आहे आणि त्याच्या मागे अर्धवट उघड्या दारातून काळोख दिसतो. कीटक कोठेही नाही. पण दाराआड काही आहे हे त्या माणसाच्या हातांवरून कळते. कथेने जे न सांगता ठेवले ते चित्रानेही न दाखवता ठेवले आणि तरीही चित्र रिकामे राहिले नाही. काय दाखवायचे याबरोबर काय राखून ठेवायचे हे कळण्यासाठी संहितेत कोठे मौन आहे ते कळावे लागते. मौन सारांशात येत नाही. ते पूर्ण वाचणाऱ्यालाच आढळते.

मराठीत याच्याशी नाते सांगणारे एक वेगळ्या प्रकृतीचे उदाहरण आहे. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ठणठणपाळ या टोपणनावाने सदर लिहीत. या टोपणनावाला वसंत सरवट्यांनी (१९२७–२०१६) रूप दिले. येथे चित्रकाराने चेहरा दिला. पण तो लेखकाचा चेहरा झाकण्यासाठी. लेखनातील ‘मी’ हा कोणी प्रत्यक्ष गृहस्थ नसून साहित्यव्यवहाराकडे मिस्कीलपणे पाहणारी एक वृत्ती आहे, हे सरवट्यांच्या रेषेने ओळखले आणि त्या वृत्तीला देह दिला. वाचकाच्या कल्पनेतून त्याने काही हिरावून घेतले नाही. उलट तिला टेकायला एक खांदा दिला. पेशाने अभियंता असलेल्या सरवट्यांची उपजीविका चित्रांवर अवलंबून नव्हती हे खरे. पण जोडीला नोकरी असलेला प्रत्येक जण इतके बारकाईने वाचतो असे नाही. फुरसत ही समाधीची पूर्वअट असेल. ती समाधी नव्हे.

मौनाचा आदर याचा अर्थ लेखकापुढे मान तुकवणे असाही नाही. जॉन टेनियलने ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ (१८७१) या पुस्तकाची चित्रे काढताना गांधीलमाशीचे प्रकरण आपल्याला रस देत नाही आणि त्यात चित्राला वाट दिसत नाही, असे लुईस कॅरॉलला १८७० साली स्पष्ट कळवले. कॅरॉलने ते प्रकरण गाळले. त्याची मुद्रिते पुढे १९७४ साली लिलावात प्रकट झाली. चित्रकाराने लेखकाला काहीतरी सांगावे आणि लेखकाने ते ऐकावे, असा अधिकार त्याला कोठून मिळतो? केवळ प्रसिद्धीतून नव्हे. ज्याने एखाद्या प्रकरणात चित्र शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि त्याला ते सापडले नाही, त्याचे हे न सापडणे हीसुद्धा एक समीक्षा असते.

६

वर वारंवार सवय हा शब्द आला आहे. सर्जनाच्या संदर्भात सवय हा शब्द आपल्याला खटकतो. प्रतिभा आणि सवय यांना आपण परस्परविरोधी मानतो. पण संस्कृतातील ‘शील’ हा शब्द या बाबतीत मार्गदर्शक आहे. शील म्हणजे चारित्र्य आणि शील म्हणजे सवयही. दानशील म्हणजे एकदा दान करणारा नव्हे. देणे हा ज्याचा स्वभाव झाला आहे तो. पाणिनीने ताच्छील्याच्या अर्थी स्वतंत्र प्रत्यय सांगितले, ते याच अर्थाने. ॲरिस्टॉटलनेही ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’त नैतिक सद्गुणाचा उगम सवयीत पाहिला आहे. पुन्हा पुन्हा केलेल्या क्रियेतून माणूस घडतो हे नीतिशास्त्राचे जुने मत कथाचित्रकाराला इतरांपेक्षा अधिक लागू पडते, कारण त्याच्या क्रियेवर पहारा ठेवणारे कोणी नसते.

मात्र सवयीचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. एक सवय रीतीची : पूर्ण वाचणे, क्षण पारखणे, पहिली कल्पना बाजूला ठेवणे, कडेच्या माणसाचाही हात नीट पाहणे. दुसरी सवय रूपाची : तेच डोळे, तीच मान, तोच पदराचा झोक. पहिली समाधीला आधार देते, दुसरी समाधीची गरजच संपवते. वरून पाहता दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्हींमुळे हात भरभर चालतो आणि काम मुदतीत पुरे होते. दलाल आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या पिढीने मराठी मध्यमवर्गाच्या घरात चित्र पोचवले. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू करून दिवाळी अंकाला दृश्य प्रतिष्ठा मिळवून दिली. मुखपृष्ठावरची त्यांची स्त्री चटकन ओळखू येते. ही ओळख त्यांचे यश आहे. पण तिच्या लोकप्रियतेने संपादकांची मागणीही ठरवली. वाचकाला ‘तशीच’ स्त्री हवी असते तेव्हा चित्रकाराची रूपाची सवय ही त्याच्या एकट्याची राहत नाही; बाजार ती त्याला लावतो. जे ओळखीचे झाले त्याला प्रत्येक नव्या कथेपाशी नकार द्यावा लागणे, ही यशस्वी चित्रकाराची खरी कसोटी असते. यात मुळगावकर आणि दलाल कोठे उतरले आणि कोठे नाही, हे त्यांच्या एकेका चित्राचे त्या त्या कथेसोबत वाचन करूनच ठरवावे लागेल. सरसकट गौरव किंवा सरसकट हेटाळणी या दोन्हींनी ते काम टळते.

शब्दांवरून क्षणात चित्र तयार करणारी संगणकीय यंत्रणा २०२२ पासून सर्वसामान्यांच्या हाती आली आहे आणि मासिके, प्रकाशनसंस्था यांना ती स्वस्तही पडते. या यंत्रणेने काढलेल्या चित्रात बोटे चुकतात की नाही, हा गौण प्रश्न आहे. तांत्रिक दोष दुरुस्त होत जातात. मुख्य गोष्ट ही की त्या चित्राला शिथिलसमाधी म्हणता येत नाही. जेथे समाधी नाही तेथे ती सैल पडण्याचाही प्रश्न नाही. दोष द्यायला कोणी नाही, म्हणून श्रेय द्यायलाही कोणी नाही. अशा चित्राला सजावट हा शब्द मात्र तंतोतंत लागू पडतो. आपण कथाचित्राला आजवर जे नाव दिले ते खरे करून दाखवणारे साधन अखेर आले आहे. त्यामुळे जर आपल्याला खंत वाटत असेल, तर कथाचित्रकाराकडून आपल्याला सजावटीहून वेगळे काही मिळत होते, ही गोष्ट त्या खंतीतच मान्य केलेली आहे.

७

वरील विवेचनातून समीक्षेवर काही जबाबदारी येते. ग्रंथाच्या आवृत्त्या बदलतात तशी मुखपृष्ठे आणि आतली चित्रे बदलतात किंवा गळतात. सूचिकार लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि पृष्ठे नोंदवतात, चित्रकाराचे नाव बहुधा नोंदवत नाहीत. वाङ्मयाच्या ग्रहणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने एखादी कथा तिच्या पहिल्या वाचकांनी कोणत्या चित्रासोबत वाचली हे विचारले पाहिजे, कारण ते चित्र हा त्या कथेच्या वाचनाचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना पुरावा असू शकतो. समीक्षकाचे परीक्षण बहुधा कथेनंतर येते. चित्रकाराचे वाचन कथेबरोबरच छापून येते.

आणि हे वाचन तपासताना चित्र सुबक आहे काय, या प्रश्नाच्या आधी दुसरे प्रश्न विचारावे लागतील. त्याने पूर्ण वाचले होते काय? त्याने कोणता क्षण घेतला आणि कोणता सोडला? कथेतले मौन त्याने राखले की भरून टाकले? कडेला उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचा चेहरा मिळाला काय? याच्याच जोडीला, त्याला वाचायला किती दिवस मिळाले होते, हेही विचारावे लागेल. ज्याला शेवटचा प्रश्न अप्रस्तुत वाटतो त्याला आधीचे चारही विचारण्याचा अधिकार नाही.